मोजक्या इंधनावर दीर्घ उड्डाण : पॅरामोटर स्पर्धेतील इकॉनॉमी टास्कची तयारी

पाठीवर बांधलेले छोटे पेट्रोल इंजिन, त्यावर फिरणारा प्रोपेलर, त्याभोवतीचा संरक्षक पिंजरा आणि दोऱ्यांनी वर ताणलेला कापडी पंख एवढ्याच सामग्रीवर, सपाट जमिनीवरून चार पावले धावत उडवता येणाऱ्या विमानास पॅरामोटर म्हणतात. या क्रीडाप्रकाराचे जागतिक नियमन १९०५ मध्ये स्थापन झालेल्या फेडरेशन एरोनॉटिक इंटरनॅशनल, अर्थात एफएआय, या संस्थेकडे आहे. तिच्या अजिंक्यपद स्पर्धांत, म्हणजे २०१६ मध्ये इंग्लंडमधील पॉपम येथे किंवा २०१८ मध्ये थायलंडमधील लोपबुरी प्रांतात झालेल्या जागतिक स्पर्धांसारख्या स्पर्धांत, वैमानिकाची कसोटी प्रामुख्याने तीन अंगांनी घेतली जाते : नकाशावरून मार्ग काढणे, ठरलेल्या जागी अचूक उतरणे व वळणे घेणे, आणि मोजून दिलेल्या इंधनावर अधिकाधिक काम करून दाखवणे. या तिसऱ्या अंगाला स्पर्धेच्या परिभाषेत इकॉनॉमी टास्क असे नाव असून, त्याचा सर्वांत निर्भेळ प्रकार म्हणजे सर्वांना सारखे इंधन देऊन कोण अधिक वेळ हवेत राहतो हे पाहणे होय. प्रस्तुत लेखाचा विषय हाच प्रकार आहे.

या प्रकारातील गुणदानाची पद्धत आधी समजून घेतलेली बरी, कारण पुढील सर्व निर्णय तिच्यावर बेतलेले असतात. सर्वाधिक वेळ हवेत राहिलेल्या वैमानिकास पूर्ण गुण आणि इतरांस त्याच्या वेळेच्या प्रमाणात गुण अशी सर्वसाधारण रीत आहे. पूर्ण गुण १००० आणि विजेत्याची वेळ ३ तास धरली, तर प्रत्येक मिनिटाला सुमारे साडेपाच गुण पडतात, म्हणजे दहा मिनिटे मागे राहिलेला वैमानिक साधारण ५५ गुणच गमावतो. याउलट ठरवून दिलेल्या मैदानाबाहेर उतरणाऱ्याच्या वाट्याला बहुधा शून्य येते. कमाई मिनिटामिनिटाने होते आणि नुकसान मात्र एका फटक्यात, हे या टास्कचे मूळ स्वरूप आहे. इंधनाचे प्रमाण, उड्डाणाची कालमर्यादा, हवेत इंजिन बंद करण्याची मुभा, थर्मल (तापलेल्या जमिनीवरून सुटून वर चढणारा उष्ण हवेचा स्तंभ) शोधण्यासाठी कोठवर जाता येईल ती हद्द, या बाबी स्पर्धेगणिक व दिवसागणिक बदलतात, त्यामुळे सकाळच्या ब्रीफिंगमध्ये दिलेला कागद शब्दशः वाचणे हाच पहिला अभ्यास समजावा.

शक्तीचा हिशेब

इंजिन बंद असताना पॅरामोटरचा पंख ठरावीक वेगाने खाली येत राहतो. या अवतरणवेगाला उडणारे लोक सिंक रेट म्हणतात आणि मोठ्या, शांतपणे उडवलेल्या पंखासाठी तो सेकंदाला १.१ मीटरच्या आसपास असतो. समपातळीत राहायचे तर इंजिनाने या उतरण्याची बरोबर भरपाई करावी लागते, म्हणजे लागणारी उपयुक्त शक्ती ही एकूण वजन आणि अवतरणवेग यांच्या गुणाकाराएवढी असते. वैमानिक, इंजिन, पंख, इंधन आणि कपडे मिळून १२० किलो वजन धरल्यास हा गुणाकार सुमारे १३०० वॉट येतो. आंघोळीचे पाणी तापवण्याच्या विजेच्या रॉडला जेवढी शक्ती लागते, जवळपास तेवढ्यावर माणूस हवेत तरंगू शकतो, हे ऐकून नवख्यास नवल वाटते. परंतु हेच विमान ताशी ३ लिटर पेट्रोल पीत असेल, तर एका लिटरमधील सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जेच्या हिशेबाने इंधनातून जवळजवळ २७ किलोवॉट शक्ती बाहेर पडत असते. म्हणजे शंभर भागांपैकी जेमतेम पाच भाग उड्डाणाच्या कामी येतात आणि उरलेले वाया जातात.

हे पंचाण्णव भाग कोठे जातात ते पाहिले म्हणजे कोणत्या गोष्टीवर कष्ट घ्यावेत हे कळते. मोठा वाटा उष्णतेच्या रूपाने सिलिंडरच्या पात्यांतून व एक्झॉस्टमधून निघून जातो आणि त्यावर वैमानिकाचा काहीच इलाज चालत नाही. दोन-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण आत येताना जळालेल्या वायूंबरोबर त्यातील काही भाग न जळताच बाहेर पडतो, हे त्या रचनेचे अंगभूत वैगुण्य आहे. त्यानंतर प्रोपेलरचा क्रम लागतो. सैद्धांतिक गणितानुसार, सव्वा मीटर व्यासाचा प्रोपेलर ताशी ३६ किलोमीटर वेगाने उडताना समपातळीपुरता, म्हणजे साधारण १६ किलोभाराएवढा रेटा देत असेल, तेव्हा त्याची आदर्श कार्यक्षमता ७२ टक्क्यांच्या आसपास असते. तोच प्रोपेलर ६० किलोभाराचा जोर लावून चढू लागला की ती ५० टक्क्यांपर्यंत खाली येते. प्रत्यक्षातील आकडे याहून कमीच असतात, पण कल तोच राहतो : थोड्या हवेला जोराने ढकलण्यापेक्षा पुष्कळ हवेला हळू ढकलणे स्वस्त पडते. मोठ्या व्यासाचा, संथ फिरणारा प्रोपेलर या टास्कमध्ये पसंत केला जातो तो याच कारणाने, आणि उगाच पूर्ण थ्रॉटलवर चढण्याची सवय महाग पडते तीही याच कारणाने.

उरतो तो सर्वांत हाती असलेला घटक, म्हणजे मुळात लागणारी शक्तीच कमी करणे. इंजिनाच्या अंगी पाच टक्केच देण्याची कुवत असेल, तर उड्डाणाच्या गरजेतून वाचवलेला प्रत्येक वॉट टाकीतील वीस वॉट वाचवतो. इंजिनाची खुडबूड करण्यात आठवडे घालवणाऱ्या आणि वजन, पंख व बसण्याची ढब यांच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या स्पर्धकांचे प्राधान्य उलटे लागलेले असते, असे म्हणण्यास येथे पुरेसा आधार मिळतो.

वजन, पंख आणि इंजिन

एकाच पंखाखाली वजन वाढले की उडण्याचा वेग आणि अवतरणवेग हे दोन्ही वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात. शक्ती मात्र वजन आणि अवतरणवेग यांचा गुणाकार असल्यामुळे ती वजनाच्या दीड घातांकाने वाढते. सोप्या भाषेत, एकूण भार दहा टक्के घटवला तर शक्तीची गरज जवळपास पंधरा टक्के घटते. म्हणून हलकी चौकट, हलके हार्नेस आणि स्पर्धेच्या आधीच्या महिन्यांत वैमानिकाने स्वतःच्या शरीराचे उतरवलेले चार-पाच किलो यांची किंमत महागड्या एक्झॉस्टपेक्षा अधिक ठरते. राखीव पॅराशूट, हेल्मेट, थंडीचे कपडे आणि पिण्याचे पाणी मात्र या काटछाटीच्या यादीत कधीही येऊ नयेत.

पंखाची निवड अधिक गुंतागुंतीची असते. पॅरामोटरसाठी बनवलेले बहुतेक आधुनिक पंख रिफ्लेक्स आकाराचे असतात, म्हणजे त्यांच्या छेदाची मागची कड किंचित वर वळलेली असते आणि ट्रिमर सोडल्यावर ते वेगात अतिशय स्थिर राहतात. ट्रिमर म्हणजे मागील दोऱ्यांची लांबी बदलणारे हार्नेसजवळचे पट्टे. ते सोडले की पंख वेगवान, स्थिर आणि उधळा होतो, तर ते पूर्ण ओढून घेतले की वेग घटतो, रिफ्लेक्सचा परिणाम मावळतो आणि अवतरणवेग खाली येतो. टिकून राहण्याच्या टास्कमध्ये ट्रिमर ओढलेलेच ठेवावेत. त्यावर ब्रेकचा हलका दाब दिल्यास बहुतेक पंखांचा अवतरणवेग किमान पातळीला पोहोचतो, परंतु दाब वाढवत गेल्यास काही काळाने पंख स्टॉलच्या, म्हणजे उचल अचानक गमावण्याच्या, सीमेवर येतो. ही सीमा शांत हवेत दूर वाटते आणि थर्मलच्या काठावर एकदम जवळ येते, त्यामुळे प्रत्येक पंखाची ही मर्यादा निर्मात्याच्या पुस्तिकेतून आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आधीच जाणून घेतलेली असावी. ट्रिमर सोडलेल्या रिफ्लेक्स पंखावर ब्रेक दाबण्याविरुद्ध बहुतेक निर्माते स्पष्ट ताकीद देतात, तीही येथे लक्षात घ्यावी.

मोठा पंख घेतला की सगळे प्रश्न सुटतात असे नाही. एफएआयच्या अजिंक्यपदांत स्पर्धकाने पहिल्या दिवशी नोंदवलेली सामग्रीच अखेरपर्यंत वापरावी असा दंडक आहे, त्यामुळे टिकून राहण्याच्या टास्कसाठी निवडलेला मोठा, आळशी पंखच दुसऱ्या दिवशी अचूकतेच्या किंवा वेगाच्या टास्कमध्ये घेऊन उतरावे लागते. क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढवल्यास अवतरणवेगात पाच टक्क्यांच्या आसपास लाभ होतो. तेवढ्यासाठी वेग आणि चपळाई किती गमवायची, हा संपूर्ण स्पर्धेच्या गुणांचा विचार करून घ्यावयाचा निर्णय आहे. सर्वसाधारण स्पर्धकाने आपल्या वजनाच्या पट्ट्यातील मधला आकार घ्यावा आणि उरलेला लाभ उडण्याच्या पद्धतीतून मिळवावा, हे अधिक शहाणपणाचे ठरते.

इंजिनाबाबत एक मुद्दा नेहमी विसरला जातो. १८५ घनसेंटिमीटरच्या मॉस्टर १८५ सारख्या ताकदवान इंजिनाला समपातळीत उडताना आपल्या क्षमतेच्या अगदी थोड्या भागावर चालावे लागते आणि अर्ध्याहून कमी उघडलेल्या थ्रॉटलवर दोन-स्ट्रोक इंजिन खडखडत, अर्धवट जाळत चालते. टॉप ८० सारखे लहान इंजिन त्याच कामासाठी आपल्या सुस्थितीच्या पट्ट्याजवळ फिरते, शिवाय वजनालाही हलके असते. मात्र भारी वैमानिकाला ते उड्डाणाच्या पहिल्या मिनिटात घाम फोडते. ब्रिटनमधील बेली कंपनीने बनवलेली चार-स्ट्रोक इंजिने इंधन कमी पितात, पण त्यांचे जास्तीचे वजन वर सांगितलेल्या घातांकाच्या हिशेबात धरूनच त्यांचा विचार करावा.

वाऱ्याचा रोध हाही दुर्लक्षित खर्च आहे. वैमानिक, पिंजरा आणि जाळी मिळून हवेला दिसणारा परिणामी अडथळा अर्ध्या चौरस मीटरहून थोडा अधिक धरल्यास ताशी ३६ किलोमीटर वेगाला तो साडेतीन किलोभाराएवढा ओढा निर्माण करतो, म्हणजे वर सांगितलेल्या १६ किलोभारातील पाचव्या हिश्शाहून थोडे अधिकच. पाय लोंबकळत न ठेवता जुळवून पुढे घेणे, हार्नेस थोडे मागे झुकवून बसणे, फडफडणारे खिसे व पट्टे बांधून टाकणे, या गोष्टींना पैसा लागत नाही.

टाकीत काय जाते

सध्या भारतातील पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि महाराष्ट्रातील वैमानिकांस या गोष्टीची जाणीव असणे आवश्यक आहे. इथेनॉलच्या एका लिटरमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्याने अशा मिश्र इंधनाच्या लिटरमागे जवळपास सात टक्के ऊर्जा कमी मिळते. त्याहून गंभीर बाब अशी की इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर बसवलेला कार्ब्युरेटर मिश्र इंधनावर पातळ मिश्रण देऊ लागतो. पातळ मिश्रण, म्हणजे हवेच्या मानाने कमी इंधन, वरवर काटकसरीचे वाटते. पण दोन-स्ट्रोक इंजिनात येणारे इंधनच पिस्टनला थंडावा आणि ऑइल पुरवत असल्याने, ते पातळ झाले की पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो, ज्याला मेकॅनिक लोक इंजिन सीझ होणे म्हणतात. परदेशी स्पर्धेला जाणाऱ्याने तेथील इंधनावर कार्ब्युरेटर नव्याने बसवूनच टास्कला उभे राहावे. पातळ मिश्रणाची बचत ही या टास्कमधील सर्वांत खोटी बचत आहे आणि सिलिंडर-हेडच्या तापमानाचा मापक लावल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊच नये.

सरावाच्या नोंदी लिटरमध्ये न ठेवता वजनात ठेवाव्यात. पेट्रोल तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.१ टक्का प्रसरण पावते, त्यामुळे पहाटेच्या गारव्यात भरलेला लिटर आणि दुपारच्या उन्हात भरलेला लिटर यांत दोन टक्क्यांचा फरक सहज पडतो, आणि तीन तासांच्या उड्डाणात हा फरक साडेतीन मिनिटांचा होतो. सामानाचे वजन करण्याचा हुकाचा डिजिटल काटा घेऊन उड्डाणापूर्वी आणि नंतर इंजिन टांगून मोजले की तासाला किती ग्रॅम इंधन गेले ते कळते. तासाचा खप दोन किलोच्या घरात असताना पन्नास ग्रॅमची चूक अडीच टक्के होते, तेव्हा काट्याची अचूकता आधी तपासून घ्यावी. अशी मोजणी सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात, हवा निश्चल असताना, एकाच उंचीवर आणि दर वेळी एकच गोष्ट बदलून करावी : एका सकाळी ट्रिमरची जागा, दुसऱ्या सकाळी प्रोपेलर, तिसऱ्या सकाळी थ्रॉटलची पद्धत.

टाकीच्या तळाशी राहणारे आणि नळीपर्यंत न पोहोचणारे इंधन हा निराळा विषय. जमिनीवर उभे असताना टाकीचा जो कोपरा सर्वांत खाली असतो तोच हवेत हार्नेस मागे झुकल्यावर खाली राहतो असे नाही. म्हणून इंजिन हार्नेससह उडण्याच्या कोनात टांगून, ते बंद पडेपर्यंत जमिनीवर चालवावे आणि टाकीत किती शिल्लक राहिले ते मोजावे. ही शिल्लक दीडशे-दोनशे ग्रॅम निघाल्यास आतील नळीचे टोक व गाळणी हलवून घेण्याइतके सोपे आणि लाभदायक काम दुसरे नाही.

हवेतील तास

प्रत्यक्ष टास्कमध्ये पहिले इंधन जमिनीवरच जळते. इंजिन गरम करणे, पंख उचलताना चुकणे आणि पुन्हा मांडणी करणे यांत गेलेले इंधन परत मिळत नाही, त्यामुळे वाऱ्याची दिशा पक्की होईपर्यंत इंजिन बंद ठेवावे आणि पहिल्याच धावेत उडता यावे इतका वारा नसतानाचा सराव आधी झालेला असावा. उड्डाणाची वेळ स्पर्धकाने निवडायची असल्यास, पहिले थर्मल जागे होण्याच्या सुमारास उडणे सर्वांत फायद्याचे असते. हंगेरीच्या मैदानात करकोचे आणि दख्खनच्या पठारावर घारी पंख न हलवता गोल चढू लागल्या की थर्मल सुरू झाले असे समजावे.

उडाल्यानंतर जमिनीवरील अडथळ्यांपासून सुरक्षित उंची गाठेपर्यंत जोर लावावा आणि मग थ्रॉटल हळूहळू कमी करत, व्हेरिओचा, म्हणजे चढ-उतार दाखवणाऱ्या उपकरणाचा, काटा शून्यावर स्थिर राहील एवढाच ठेवावा. येथे एक वाद नेहमी उपस्थित होतो : समपातळीत संथ इंजिनावर तरंगत राहावे, की मध्यम थ्रॉटलवर चढून, इंजिन बंद करून घसरत यावे आणि पुन्हा चढावे? ३०० मीटर चढल्याने १२० किलोच्या विमानात साठणारी ऊर्जा ३५० किलोज्यूलच्या घरात असते आणि तीवर इंजिनाविना साधारण साडेचार मिनिटे मिळतात. प्रोपेलरची बाजू पाहिली तर समपातळी स्वस्त, कारण कमी रेट्याला त्याची कार्यक्षमता अधिक असते. इंजिनाची बाजू पाहिली तर अत्यल्प थ्रॉटलवर खडखडण्यापेक्षा मध्यम फेऱ्यांवर चालणे स्वस्त. ताकदवान इंजिनाला चढून घसरण्याची पद्धत मानवते आणि लहान इंजिनाला समपातळी, असा साधारण कल असला, तरी ज्याने त्याने आपल्या काट्यावर हा निकाल लावून घ्यावा. एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांना मान्य व्हावी : इंजिन आयडलवर, म्हणजे काहीही रेटा न देता नुसते चालू, ठेवून घसरणे हा निखळ तोटा आहे.

हवेत इंजिन बंद करण्याला नियमांची आणि विवेकाची अशा दोन्ही परवानग्या लागतात. दोरी ओढून सुरू होणारे इंजिन हवेत चालू करताना दोन्ही हात गुंततात. दीर्घ घसरणीत थंडावलेल्या इंजिनाला सुरू होताच पूर्ण थ्रॉटल दिल्यास पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर तापून प्रसरण पावतो आणि सीझ होण्याची शक्यता असते, म्हणून अर्धा-एक मिनिट मंद फेऱ्यांवर ते गरम होऊ द्यावे. हा सगळा वेळ उंचीतून जात असल्याने, पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मैदान आवाक्यात असतानाच आणि किमान २०० मीटर उंची हाती असताना करावा. त्याखाली आल्यावर दोरीला हात न लावता उतरण्याकडेच लक्ष द्यावे.

थर्मल आणि वारा यांचा एकत्र विचार हा या टास्कचा गाभा होय. समजा, सेकंदाला १ मीटर चढ देणारे थर्मल सापडले आणि वारा ताशी १८ किलोमीटर आहे. दहा मिनिटे गोल फिरल्यावर वैमानिक ६०० मीटर वर गेलेला असतो, पण वाऱ्याबरोबर ३ किलोमीटर वाहूनही गेलेला असतो. ताशी ३६ किलोमीटरच्या पंखाला परतताना निव्वळ १८ चा वेग मिळतो, म्हणून परतीलाही दहा मिनिटेच लागतात आणि सेकंदाला १.२ मीटर अवतरणवेग धरल्यास त्यात ७२० मीटर उंची खर्ची पडते. एकूण वीस मिनिटे इंजिनाविना मिळाली आणि उंची १२० मीटरच गेली, असा हा व्यवहार दिसायला उत्तम. परंतु थर्मलच्या भोवतीची हवा खाली उतरत असते आणि परतीच्या वाटेवर तिचा वेग सेकंदाला एकच मीटर निघाला तरी लागणारी उंची १३०० मीटरच्या पुढे जाते. ती उंची नसली तर इंजिन लावावे लागते, आणि इंजिनापुरते इंधन ठेवलेले नसले तर मैदानाबाहेर उतरून शून्य पदरी पडते.

यावरचा तोडगा असा की इंधनातील मोठा हिस्सा सुरुवातीलाच मैदानाच्या वाऱ्याकडील बाजूस दोन-तीन किलोमीटर पुढे जाण्यासाठी खर्च करावा, तेथे थर्मल पकडावे आणि त्यात फिरत वाऱ्याबरोबर मैदानाकडेच वाहत यावे. मग परतीचा प्रश्नच उरत नाही, कारण वाहत जाणे हेच परत येणे असते. टिकून राहण्याच्या टास्कमध्ये इंधन जपून ठेवण्याला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे ते योग्य जागा विकत घेण्यासाठी खर्चण्याला दिले जात नाही, आणि सारख्याच सामग्रीच्या दोन वैमानिकांत अर्ध्या तासाचे अंतर पडते ते बहुधा येथेच.

थर्मलमध्ये वळताना तीव्र कलण्याचा मोह आवरावा. तीस अंशांच्या कलाला पंखावरील भार सुमारे पंधरा टक्के आणि अवतरणवेग जवळपास चोवीस टक्के वाढतो, म्हणून कमकुवत थर्मलमध्ये रुंद व सपाट फेरी आणि जोरदार, अरुंद थर्मलमध्येच कललेली फेरी घ्यावी. इंजिन चालू असेल तर प्रोपेलरच्या फिरण्याने विमान एका बाजूला आपोआप झुकते, त्याच बाजूला वळल्यास ब्रेक कमी लागतो. मात्र त्या थर्मलमध्ये आधी आलेला वैमानिक ज्या दिशेने फिरत असेल तीच दिशा मागून येणाऱ्या सर्वांनी पाळावी, हा नियम कोणत्याही मिनिटापेक्षा मोठा आहे. उंचीबाबत एवढे ध्यानात ठेवावे की समुद्रसपाटीपासून २००० मीटरवर हवा सुमारे अठरा टक्के विरळ होते आणि अवतरणवेग दहा टक्क्यांनी वाढतो. फुकटची उंची केव्हाही घ्यावी, पण इंजिनावर तरंगायचे असेल तेव्हा सुरक्षित तेवढ्याच उंचीवर तरंगावे.

अंतराच्या टास्कशी याची गल्लत करू नये. तेथे किमान अवतरणवेगाऐवजी सर्वोत्तम ग्लाइड रेशो, म्हणजे एक मीटर उंचीमागे पुढे कापलेले सर्वाधिक अंतर, देणारा थोडा अधिक वेग लागतो आणि पाठचा वारा हे सर्वांत मोठे इंधन असते. स्पेनचे रामोन मोरियास यांनी २००७ मध्ये हेरेझहून लान्झारोटे बेटापर्यंत न उतरता केलेले १,१०५ किलोमीटरचे उड्डाण हे त्या दुसऱ्या कलेचे उदाहरण आहे.

तीन तास हार्नेसमध्ये बसणाऱ्या शरीराचाही हिशेब ठेवावा लागतो. थर्मलच्या दिवशी दर हजार मीटरला तापमान नऊ-दहा अंशांनी घटते, म्हणजे जमिनीवर ३० अंश असताना १५०० मीटरवर ते १५ च्या जवळ असते आणि त्यावर अखंड वारा असतो. बधिर झालेल्या बोटांनी ब्रेकचा हलका दाब कळत नाही. हातमोजे, नळीने पिता येणारे पाणी, लघवीची सोय आणि मांड्यांखालील पट्टे उडण्यापूर्वी नीट बसवणे, या गोष्टींकडे दुर्लक्ष केलेला वैमानिक इंधन शिल्लक असतानाच खाली उतरतो.

शेवटच्या टप्प्यात इंजिन केव्हाही थांबेल असे गृहीत धरूनच उडावे. ग्लाइड रेशो ६ धरल्यास ३०० मीटरवरून निश्चल हवेत १८०० मीटर जाता येते, पण समोरून ताशी १८ किलोमीटरचा वारा असला की हेच अंतर निम्म्यावर येते. म्हणून टाकीतील पारदर्शक पट्टीवर शेवटचा पाव भाग दिसू लागताच मैदानाच्या वाऱ्याकडील काठावर यावे आणि तेथून खाली घसरण्याच्या आवाक्याबाहेर जाऊ नये. इंधन संपून बंद इंजिनावर उतरणे येथे अपेक्षितच असते, तेव्हा त्याचा सराव वर्षभर प्रत्येक उड्डाणाच्या अखेरीस करावा.

महाराष्ट्रात अशा सरावासाठी मावळातील कामशेतचा परिसर पॅराग्लायडिंगमुळे ओळखीचा असला, तरी पुण्याजवळ लोहगाव येथे हवाई दलाचा तळ असल्याने या भागातील आकाश नियंत्रित आहे. इंजिन लावून उडण्यापूर्वी हवाई वाहतूक नियंत्रण आणि स्थानिक प्रशासन यांच्या परवानग्या घेणे अनिवार्य समजावे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पठारावर दुपारचे थर्मल फार उग्र होतात, त्यामुळे शिकाऊ वैमानिकाने सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यानचे कोवळे थर्मल वापरावेत आणि दुपारनंतर घाट चढून येणाऱ्या समुद्रवाऱ्याआधी जमिनीवर असावे. उतरल्यावर स्पर्धेत टाकीवरील सील व लॉगर, म्हणजे उड्डाणाचा माग नोंदवणारे यंत्र, अधिकाऱ्यांकडे देईपर्यंत टाकीला हात लावू नये, आणि सरावात पंख गुंडाळण्यापूर्वी इंजिन काट्याला टांगून शिल्लक इंधन, तापमान, वारा व ट्रिमरची जागा वहीत लिहून घ्यावी.